पाण्यात उतरा, पण मागे लागू नका

मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनसोबत पोहण्याबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मैत्रिणीबरोबर शनिवार-रविवारची सहल आखतेय. डॉल्फिनची फेरी कोणत्या दिवशी ठेवू?

शनिवारी, आणि तीही सकाळची पहिली. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. शनिवारची हुकली तर रविवार हाताशी राहतो, रविवारची हुकली तर घरी परत. किनाऱ्यालगत दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी खवळतं. सकाळी ते बहुधा शांत असतं, डॉल्फिनच्या पाठीवरचे पंखही लांबून दिसतात. फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की फक्त दुसरी तारीख, हे आधी विचारून घ्या. ‘डॉल्फिनला हात लावायला मिळेल’ अशी हमी देणारी बोट मात्र सोडून द्या. मोकळ्या प्राण्याच्या बाबतीत अशी हमी त्याला खाऊ घालून किंवा त्याचा पाठलाग करूनच पाळता येते. सहलीत स्कूबाही, म्हणजे हवेची टाकी घेऊन मारायची खोल बुडी (डाइव्ह), असेल आणि परतीचा प्रवास विमानाने असेल, तर शेवटची डाइव्ह शनिवारीच उरका. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावेत.

प्रश्न : मैत्रीण म्हणते, डॉल्फिनना त्रास होतो, जाऊच नये. तिचं बरोबर आहे का?

काही ठिकाणी अगदी बरोबर आहे. हवाई बेटांजवळचे स्पिनर जातीचे डॉल्फिन रात्रभर खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ खाड्यांमध्ये विश्रांती घेतात. डॉल्फिन झोपतो तेव्हाही त्याचा अर्धा मेंदू जागाच असतो, कारण श्वासासाठी वर यावंच लागतं. त्या झोपेच्या वेळी दिवसातून दहा वेळा माणसं मध्ये शिरली, तर रात्रीच्या शिकारीला ताकद कुठून उरणार? म्हणून तिथे 2021 पासून स्पिनरच्या 50 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 45 मीटरच्या, आत जायला बंदी आहे. न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये बॉटलनोझ डॉल्फिनची संख्या खूप घटली आणि 2019 मध्ये पर्यटकांना त्यांच्यासोबत पाण्यात उतरवणं थांबवलं गेलं. त्याच देशात काइकोराला मात्र परवाना असलेल्या बोटी डस्की डॉल्फिनसोबत पोहायला नेतात. तिथल्या नियमांनुसार पिल्लं असलेल्या कळपात उतरता येत नाही आणि कळपापासून 300 मीटरच्या आत तीनपेक्षा जास्त बोटी चालत नाहीत.

म्हणजे ठिकाण, जात आणि वेळ पाहून ठरवायचं. बोटवाल्यांना सरळ विचारा : परवाना आहे का? कळपात पिल्लं दिसली तर काय करता? ‘आज पाण्यात उतरायचं नाही’ असं तुम्ही कधी सांगता? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे तयार उत्तर आहे, त्याच्याबरोबर जा.

प्रश्न : पाण्यात उतरल्यावर नेमकं काय करायचं?

बोटीवरचा माणूस सांगेपर्यंत मागच्या फळीवर मास्क लावून, पायांत फिन्स (वल्ह्यासारखे लांब जोडे) घालून बसून राहा. इंजिन न्यूट्रलवर आल्याची खूण मिळाली की पाय पुढे करून अलगद घसरा. उडी मारलीत तर तो धप्प आवाज कळपापर्यंत पोहोचतो आणि कळप दिशा बदलतो. मग पालथं तरंगा, हात अंगालगत ठेवा, फिन्स पाण्याखालीच हलू द्या. समोरून जाऊ नका, मागेही लागू नका. डॉल्फिनच्या वेगापुढे माणूस कुठेच नसतो, पाठलागाने फक्त तुमची दमछाक होते. उत्सुक असला तर तो स्वतःच वळून येतो, बाजूने समांतर पोहतो, एका डोळ्याने तुम्हाला न्याहाळतो. काही जण स्नॉर्कलमधून, म्हणजे तोंडातल्या श्वासाच्या नळीतून, गुणगुणतात. त्याने हरकत नाही. हात मात्र पुढे करायचा नाही. त्याची कातडी नखानेही ओरखडते.

शेपटी पाण्यावर आपटणं, जबडा कटकट वाजवणं, अंग इंग्रजी ‘एस’सारखं वाकवणं, कळप एकदम दाटीने एकत्र येणं, लांब बुडी मारून दूर निघणं यांपैकी काहीही दिसलं की बोटीकडे वळा. तो नाराजीचा इशारा असतो.

खाली बुडी मारायची असेल तर दोघींनी एकदम मारू नका. एक खाली, दुसरी वरून पाहतेय, असंच ठेवा. बुडीआधी जोरजोरात श्वास घेणं धोक्याचं आहे. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. मैत्रिणीचं लक्ष खरं इथेच लागतं.

प्रश्न : मास्कमध्ये पाणी शिरतं, काचही धुरकट होते.

पाणी शिरलं की लोक पट्टा आवळतात. त्याने सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते. पट्टा मागे सोडून मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा. मास्क न धरता चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केसांची एक बटही राहू देऊ नका. नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट लावून बोटाने दोन-तीन वेळा घासून धुवा. मग दर वेळी उतरण्याआधी पातळ केलेल्या बेबी शाम्पूचा थेंब आतून चोळून खळाळून टाका. नाकाने श्वास सोडला की काच पुन्हा धुरकटते, म्हणून श्वास तोंडानेच.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

प्रश्न : मला बोट लागते. गोळी कधी घ्यावी?

मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. बोट सुटण्याआधी किती वेळ घ्यायची ते गोळीनुसार बदलतं, पाकिटावर पाहा. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि झोपाळू अवस्थेत पोहणं चांगलं नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून घरीच एकदा घेऊन पाहा. रिकाम्या पोटी जाऊ नका, तुडुंब जेवूनही नको. बोटीच्या मध्यापासून मागच्या भागात, इंजिनचा धूर टाळून उभ्या राहा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलंत की संपलं. पाण्यात उतरल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटतं.

प्रश्न : मैत्रिणीला पोहता येत नाही.

मग तिने बोटीवरूनच पाहावं. वेटसूट (पाण्यात घालायचा जाड रबरी पोशाख) तरंगवतो हे खरं, पण खोल पाण्यात लाट तोंडावर आली की घाबरणं तरंगण्याने थांबत नाही. वरून तिला अख्खा कळप दिसेल. पाण्यातून तुम्हाला बहुतेक वेळा एक-दोनच दिसतात, तेही क्षणभर.