‘दीवार’ आणि ‘शक्ती’: पुलाखालच्या सीनला जोड कुठली?

‘दीवार’मधल्या विजय आणि रवी या भावांच्या पुलाखालच्या सामन्याशी ‘शक्ती’तला कुठला प्रसंग जुळतो, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, तो सीन तूर्त बाजूला ठेवा. तिथला ‘मेरे पास माँ है’ हा संवाद गाजला खरा, पण ‘शक्ती’शी नाळ जुळते ती सहीच्या प्रसंगाची.

आधी दोन्ही बाप शेजारी ठेवा. ‘दीवार’मध्ये (१९७५) कामगार पुढारी आनंदबाबू (सत्येन कप्पू) बायकामुलांच्या जिवावर बेततंय म्हणून मालकाच्या कागदावर सही करतो. ‘शक्ती’त (१९८२) पोलीस अधिकारी अश्विनीकुमार (दिलीपकुमार) मुलगा गुंडांच्या ताब्यात असतानाही त्यांच्या मागणीला फोनवर साफ नकार देतो, आणि तो नकार पोराच्या कानावर पडतो. पेच तोच, निर्णय उलटा. एक बाप वाकला, दुसरा नाही. मुलगा विजय (दोन्हीकडे अमिताभ बच्चन) मात्र दोन्ही घरांत तसाच, गुन्हेगारीकडे वळलेला निपजला. दोन्ही पटकथा सलीम-जावेद यांच्या, तेव्हा हा योगायोग मानायला मी तयार नाही.

आता सहीचा सीन. पोलीस झालेला धाकटा भाऊ रवी (शशी कपूर) विजयपुढे कबुलीजबाबाचा कागद धरतो. विजय नुसतं ‘नाही’ म्हणत नाही, अटी घालतो: आधी बापाकडून सही घेणाऱ्याची सही आण, मग आईला शिवी देऊन कामावरून काढणाऱ्याची, आणि मग माझ्या हातावर हे लिहिणाऱ्याची. हातावर गोंदलंय ‘मेरा बाप चोर है’. ज्या घराची एका सहीनं माती केली, त्या घरातल्या पोराकडे पुन्हा सहीच मागितली जाते. पटकथेतली ही गाठ भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

‘शक्ती’तल्या विजयकडे दाखवायला गोंदण नाही, त्याचा घाव कानात आहे. शिवाय बाप कायद्यानं बरोबर, त्यामुळे भांडायलाही धड जागा नाही. म्हणूनच तिथला सगळ्यात भारी सामना बिनसंवादाचा आहे: आई गेल्यावर कैदेतला विजय बापाजवळ येऊन बसतो आणि त्याचा हात धरतो, बस्स. अमिताभ आणि दिलीपकुमार, दोघांनाही संवादफेकीचा मोह तिथे नाही.

दोन्हीकडे आई आहे म्हणून तिथे साम्य शोधायला जाल तर फसाल. ‘दीवार’ची आई निरुपा रॉय निवाडा करते, धाकट्याच्या हाती पिस्तूलही तीच देते. ‘शक्ती’तली राखी मात्र नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये पिचत राहते. तिला बाजू घेताच येत नाही. त्यामुळे गोळी दोन्ही सिनेमांत घरच्याच पोलिसाची असली, तरी ‘दीवार’चा विजय आईच्या मांडीवर जीव सोडतो आणि ‘शक्ती’चा, गोळी झाडणाऱ्या बापाच्याच हातांत.