कॉम्प्युटरमध्ये यूव्ही पट्टी लावायची असेल तर पंखे काळे आणि बिनदिव्याचे घ्या

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची तुमची यादी पाहिली: रायझन ७ ७७०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, पुढे जाळी आणि बाजूला काच असलेलं कॅबिनेट, सहा आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे, दोन यूव्ही (अतिनील किरणांच्या) एलईडी पट्ट्या. खोली नागपुरातली, एसी नाही, उन्हाळ्यात कूलर. सहा पंख्यांचा कोणता संच घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सरळ सांगतो. सहा नकोत, चार पुरे. आणि यूव्हीची हौस खरी असेल तर आरजीबी अजिबात नको.

यूव्ही पट्टीचा प्रकाश आपल्याला फारसा दिसत नाही, दिसायलाही नको. तिच्या किरणांनी चमकणारी वस्तू दिसते: हिरवी नळी, नारिंगी केबल, पंख्याचं पारदर्शक पातं. ही चमक अगदी मंद असते. शेजारी आरजीबीचं रंगीत कडं फिरत असेल तर ती पार बुडून जाते. दोन्ही लावलेल्या कॅबिनेटमध्ये शेवटी जांभळट गोंधळ तेवढा उरतो.

आता उष्णतेचा हिशेब. गेम खेळताना तुमचं मशीन ढोबळमानाने ३०० वॉट उष्णता बाहेर टाकेल. वॉटला १.७६ ने गुणून कॅबिनेटमधून खरोखर वाहणाऱ्या हवेच्या सीएफएमने (मिनिटाला किती घनफूट हवा) भागलं, की आतली हवा खोलीपेक्षा किती अंश तापेल ते कळतं. ५० सीएफएमला साडेदहा अंश, १०० ला सव्वापाच, १५० ला साडेतीन. म्हणजे पहिल्या दुपटीत पाच अंश वाचतात, पुढच्या ५० सीएफएममध्ये जेमतेम दोन. पंख्याच्या खोक्यावर छापलेला सीएफएमचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि फिल्टर आला की मी तो निम्माच धरतो. तेवढं धरूनही पुढून आत घेणारे तीन आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढ्यात तुमचं भागतं. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर पंखे कितीही लावा, आतली हवा त्याखाली जाणार नाही.

आवाजाचंही सांगतो, कारण खोलीत झोपणारं दुसरं कुणी असेल तर तोच आधी खटकतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. तसाच आणखी एक पंखा जोडला तर फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणून एकाला पळवण्यापेक्षा तिघांना हळू चालवा. फिल्टरमागे लावायचे पंखे दाब देणारे हवेत, नुसते सीएफएम मोठे असून चालत नाही. आर्क्टिकचे पी१२ किंवा नॉक्टुआचे रिडक्स मालिकेतले पी१२ डोळे मिटून घ्या. चार पिनचेच घ्या, म्हणजे मदरबोर्डवरून वेग नीट आवरता येईल. मदरबोर्डवरचे बहुतेक हेडर (पंखा जोडायच्या पिना) १ अँपिअरपर्यंत भार घेतात, तेव्हा एका स्प्लिटरवर (एका जोडाला अनेक फाटे देणारी तार) तीन साधे पंखे सहज चालतात. लेबलवरचे अँपिअर मात्र बेरीज करून पाहा. स्लीव्ह बेअरिंगचे (साध्या बुशवर फिरणारे) स्वस्त पंखे आपल्या उन्हाळ्यात लवकर खरखरायला लागतात, ते टाळा.

यूव्ही लावणाऱ्यांनी पंख्यांची एवढी काळजी का घ्यायची, याचं खरं कारण धूळ आहे. कपड्यांच्या साबणात शुभ्रतेसाठी जी रसायनं असतात, ती यूव्हीत निळसर पांढरी चमकतात. चादरी, बनियन, टॉवेल यांचे बारीक तंतू हवेत उडून पंख्याच्या काळ्या पात्यावर बसतात. साध्या उजेडात ते दिसतही नाहीत, पण यूव्ही लागली की प्रत्येक तंतू वेगळा उठून दिसतो. म्हणून आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा जास्त हवी. मग फटींमधून हवा बाहेर ढकलली जाते आणि धूळ फिल्टरवरच अडते. आधीच्या तीन-एक मांडणीचा हा दुसरा फायदा. उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरवड्याला धुवा. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरच्या पाण्याचे तुषार आत गेले तर क्षाराचा पांढरा थर बसतो.

पट्टी घेताना नॅनोमीटर, म्हणजे किरणांची तरंगलांबी, विचारा. ३९५ ते ४०५ ची सर्रास मिळते, आणि कॅबिनेटला ती चालते. ३६५ ची पट्टी जास्त कडक: जांभळा उजेड कमी सांडतो, चमक जास्त येते, पण महाग असते आणि तिच्याकडे टक लावून पाहू नये. नुसत्या ‘जांभळ्या’ आरजीबी पट्टीला यूव्ही म्हणून विकतात, ती निळा आणि लाल मिसळून बनते. दुकानातच पारख करायची तर खिशातली नवी नोट पट्टीखाली धरा. नोटेचे क्रमांक चमकणाऱ्या शाईत छापलेले असतात आणि कागदातही चमकणारे तंतू असतात. ते उठले नाहीत तर पट्टी परत करा. जंतू मारण्यासाठीचे २५४ नॅनोमीटरचे दिवे मात्र कॅबिनेटमध्ये कधीही लावू नका. त्यांनी डोळे आणि कातडी भाजते, प्लॅस्टिकही खराब होतं.

रंग हिरवा किंवा नारिंगी निवडा. निळी वस्तूही चमकते, पण पट्टीच्या सांडलेल्या जांभळ्या उजेडात तिचा वेगळेपणा जातो. सगळंच चमकवू नका. मी असतो तर मागचा एकच पंखा पारदर्शक हिरव्या पात्यांचा घेतला असता, मदरबोर्डच्या मोठ्या केबलला हिरवं आवरण, आणि बाकी सगळं काळं. एक पट्टी कॅबिनेटच्या वरच्या चौकटीच्या आतल्या बाजूला काचेलगत, तोंड आत. दुसरी खाली एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) झाकणाच्या कडेमागे. बसलेल्या जागेवरून एलईडीचा एकही ठिपका दिसता कामा नये.

पट्टी १२ व्होल्टची असेल, तर जोड एसएमपीएसच्या मोलेक्सवरून (चार पिनांचा मोठा जोड) घ्या: पिवळी तार १२ व्होल्ट, काळी ग्राउंड. मदरबोर्डच्या ५ व्होल्टच्या एआरजीबी (रंगीत दिव्यांच्या) हेडरशी तिचा संबंध नको. मध्ये एक छोटा स्विच टाका, कारण चमकणारे रंग यूव्हीतच हळूहळू फिके पडतात आणि दिवसभर पट्टी चालू ठेवण्यात काही हशील नाही.

मदरबोर्डचं मॉडेल आणि कॅबिनेटचं नाव कळवा. पुढे १४० मिलिमीटरचे पंखे बसत असतील तर तीन १२० ऐवजी दोन १४० घेता येतील, आणि एका पंख्याचे पैसे चांगल्या पट्टीकडे वळवता येतील.