तुटपुंज्या पगारात मुलासाठी बचत आता सुरू करावी की पगार वाढेपर्यंत थांबावं?

थांबू नका, महिन्याला जेवढं न ओढाताण करता निघेल तेवढ्यावर आत्ताच सुरुवात करा, कारण इथे रकमेपेक्षा वर्षं जास्त काम करतात. हिशोबच बघा: बाळ जन्मल्यापासून दरमहा १०० टाकले आणि वर्षाला ६ टक्के व्याज दरमहा चक्रवाढीने मिळालं, तर १८ वर्षांत भरलेल्या २१,६०० चे साधारण ३८,७०० होतात. तेच मूल ८ वर्षांचं झाल्यावर दुप्पट, म्हणजे २०० टाकायला लागलात, तर १८व्या वर्षापर्यंत खिशातून २४,००० जातात आणि हातात येतात ३२,८०० च्या आसपास. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं की बहुतेकदा काहीच उरत नाही. पगार वाढला की हप्ताही वाढवा. मात्र क्रेडिट कार्डासारखं महागडं कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडा, आणि दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम वेगळी ठेवा, नाहीतर पहिल्याच आजारपणात मुलाचे पैसे मोडावे लागतील.