वाचकांचे प्रश्न : चढलेला आयडल आणि चोरवाटेने शिरणारी हवा

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी 2004 साली घेतलेली एस्टीम आहे. यंदा वागळे इस्टेटमधील एका गॅरेजमध्ये तिला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर), मोठ्या बोअरची, म्हणजे आतून रुंद, थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा सोडायची ते पाकळीने ठरवणारा भाग) आणि 4-2-1 हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) बसवून घेतला. त्याच वेळी ‘इथल्या उकाड्यात याची गरज नसते’ असे सांगून मेकॅनिकने थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. तेव्हापासून गाडी सुरू केली की आयडल (एक्सलरेटर न दाबता इंजिन फिरते तो वेग) मिनिटाला 1800 फेऱ्यांवर जातो आणि उतरत नाही. घोडबंदर रस्त्यावर वाहतूक तुंबली की तो हळूहळू 1200 पर्यंत येतो. मात्र मोकळ्या रस्त्याने येऊन माजिवड्याच्या सिग्नलला थांबलो, तर पुन्हा 1800. कधी कधी इंजिन एका लयीत वर-खाली होत राहते. मेकॅनिकने थ्रॉटलचा स्क्रू फिरवून पाहिला, उपयोग झाला नाही. आता ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप करा, म्हणजे त्यातली गणिते बदलून घ्या, असे तो म्हणतो. हा खर्च करावा का?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : रिमॅपचा खर्च तूर्त थांबवावा. पेट्रोल इंजिनाचा वेग त्यात किती हवा शिरते यावर ठरतो आणि इंधन त्या हवेच्या मागोमाग येते. तुमच्या गाडीत मॅप सेन्सर आहे, म्हणजे ईसीयू मॅनिफोल्डमधील (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब पाहून हवेचा अंदाज बांधतो. त्यामुळे थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, कुठूनही चोरून हवा शिरली, तरी तीही हिशेबात धरून तो इमानेइतबारे तेवढे पेट्रोल सोडतो आणि आयडल चढतो. हवा येण्याची वाट बंद न करता संगणकाची गणिते बदलली, तर मूळ बिघाड तसाच राहील आणि पुढे तो शोधणेही अवघड होईल.

तुमच्या पत्रातील सर्वांत उपयुक्त माहिती म्हणजे तुंबलेल्या आणि मोकळ्या रस्त्यावरील फरक. थर्मोस्टॅट नसल्यामुळे कूलंट सुरुवातीपासूनच सरळ रेडिएटरमधून फिरत राहतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागला की इंजिन पुरेसे तापत नाही. कोंडीत उभे राहिले की तापते. कूलंटचा सेन्सर ‘इंजिन अजून थंड आहे’ असे सांगत राहिला, तर ईसीयू जास्त पेट्रोल देतो आणि आयडल मुद्दाम चढा ठेवतो. त्यात त्याची काही चूक नाही. उकाडा बाहेरच्या हवेत असतो. इंजिनाला जे ऐंशी-नव्वद अंश तापमान लागते, ते ठाण्यातला मे महिनाही पुरवू शकत नाही. तेव्हा या मॉडेलसाठी कंपनीने दिलेल्या अंशांचाच थर्मोस्टॅट नव्या पॅकिंगसह परत बसवावा आणि कूलंट भरताना आत अडकलेली हवा पूर्ण काढून घ्यावी, कारण सेन्सरभोवती बुडबुडा राहिला तरी तापमान चुकीचे कळते. शंका उरली, तर सेन्सर मल्टिमीटरने तपासता येतो. अशा सेन्सरचा रोध साधारण 20 अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास असतो आणि 80 अंशांना तीनशे ओहमच्या जवळ उतरतो. गरम इंजिनावरही तो हजारांत दिसत असेल, तर सेन्सर बदलावा.

मात्र एवढ्याने काम संपेल असे वाटत नाही. गरम झाल्यावरही 1200 म्हणजे या गाडीच्या सुमारे 800 च्या नेहमीच्या आयडलपेक्षा पुष्कळच जास्त आहे, म्हणजे हवा दुसरीकडूनही येत आहे. एका लयीत होणारी वर-खालीही तेच सुचवते. थ्रॉटल बंद असताना इंजिन वेगात फिरते आहे असे दिसले की ईसीयूला गाडी उतारावर सुटली आहे असे वाटते, म्हणून तो पेट्रोल तोडतो. वेग पडला की पुन्हा देतो, आणि हे चक्र चालू राहते.

यासाठी एक सोपी चाचणी आहे. कोन फिल्टर काढावा, इंजिन चालू ठेवावे आणि थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर रबराचा जाड, सपाट तुकडा घट्ट दाबून धरावा. फडके वापरू नये, ते आत खेचले जाते. इंजिन लगेच बंद पडले, तर हवा थ्रॉटलमधूनच येते आहे. धापा टाकत का होईना, पण चालू राहिले, तर गळती थ्रॉटलच्या पुढे आहे. मग ब्रेक बूस्टरची (ब्रेक दाबायला जोर पुरवणाऱ्या भागाची) नळी, पीसीव्हीची (इंजिनाच्या आतील वाफा परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी) नळी आणि बाकीच्या व्हॅक्यूम नळ्या एकेक करून चिमटून पाहाव्यात. जी दाबल्यावर आयडल उतरतो, तिथे शोध घ्यावा. ब्रेकचे पेडलही कडक झाले असेल, तर बूस्टरची गळती दुरुस्त होईपर्यंत गायमुखच्या घाटात गाडी नेऊ नये. जोडांवर साध्या पाण्याचा फवारा मारून पाहावा, गळती असेल तिथे आवाज क्षणभर बदलतो. गॅरेजमध्ये कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत आहे, पण तापलेल्या हेडरजवळ ते पेट घेऊ शकते.

मोठी थ्रॉटल बॉडी बसवताना जुनेच पॅकिंग वापरले, तर त्याची भोके नव्या बोअरशी जुळत नाहीत आणि कडेने हवा शिरते. माझा पहिला संशय तिथेच आहे. कोन फिल्टरने स्वतःहून आयडल वाढत नाही, कारण तो थ्रॉटलच्या अलीकडे असतो; पण तो बसवताना निघालेली एखादी नळी मॅनिफोल्डच्या बाजूने उघडी राहिली असेल, तर नक्कीच वाढतो.

फिरवलेल्या स्क्रूविषयीही बोलले पाहिजे. थ्रॉटलच्या पाकळीला थोपवणारा स्क्रू आयडल लावण्यासाठी नसतो, म्हणूनच कारखान्यात त्यावर रंगाचा ठिपका दिलेला असतो. एक्सलरेटरच्या वायरला थोडी ढील ठेवून पाकळी पूर्ण मिटते का ते पाहावे, थ्रॉटल सेन्सरचा बंद स्थितीतील व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टजवळ आणावा, आयडल व्हॉल्व्हमधील काजळी साफ करावी आणि शेवटी गरम इंजिनावर, एसी-दिवे बंद ठेवून, बायपासच्या (पाकळीला वळसा घालून जाणाऱ्या) हवेच्या स्क्रूने आयडल बसवावा.

जाता जाता : मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध घालते. म्हणून काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नयेत.

प्रश्न : माझ्या गाडीला मागाहून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गॅस देणारे) सीएनजी किट बसवले आहे. सीएनजीवर असो वा पेट्रोलवर, आयडल 1300 च्या खाली येत नाही. किटवाला इंजिनाकडे बोट दाखवतो आणि मेकॅनिक किटकडे.
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : दोन्ही इंधनांवर आयडल सारखाच चढा आहे, म्हणजे प्रश्न इंधनाचा नाही, हवेचा आहे. तरीही किटवाल्याची सुटका होत नाही. असे किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला प्रत्येक सिलिंडरसाठी भोक पाडून नोझल बसवतात आणि दाबाच्या सेन्सरसाठी एका व्हॅक्यूम नळीत टी-जोड घालतात. नोझलचे आटे नीट बसले नसतील किंवा टी-जोडावरची नळी सैल असेल, तर तिथून हवा शिरते. इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून प्रत्येक नोझलच्या बुडाशी पाण्याचा फवारा मारावा. आवाज बदलला, तर नोझल काढून, योग्य सीलंट लावून पुन्हा बसवण्याचे काम किटवाल्याचे आहे. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असेल आणि भोकाच्या कडेला चीर गेली असेल, तर सीलंट थापून चालणार नाही, मॅनिफोल्डच बदलावा लागेल. हे काम सीएनजीच्या नळ्या सोडवूनच होते, म्हणून ते घरी करू नये.