जुलैत आईवडिलांना घेऊन गोवा: समुद्राकडे पाठ करा, नदीच्या अंगाने फिरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत पुण्याहून चार दिवस, सोबत सत्तरी गाठलेले आईवडील आणि दहा वर्षांचा मुलगा. समुद्र बंद असतो म्हणतात, मग यावं का, आणि आलो तर बघायचं काय?

जरूर या. फक्त कळंगुट-बागा धरून आखलेला बेत रद्द करा. मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवतात, जलक्रीडा थांबतात आणि किनाऱ्यालगतची बरीच हॉटेलं डागडुजी काढतात. जुलैतला गोवा आत असतो, तिसवाडी, फोंडा, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत. भात लावणी चालू असते, नद्या काठोकाठ असतात आणि देवळांत गर्दी कमी असते. वयस्कर माणसांना ऊन लागत नाही, हाही मोठा फायदा. त्यांच्यासाठी मी तर डिसेंबरपेक्षा जुलैच सुचवेन.

समुद्राचं आधी सांगून टाकतो, कारण दरवर्षी जीव जातात ते इथेच. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, उतार खडा होतो आणि परतणारं पाणी एका पट्ट्यातून जोराने आत खेचतं. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायाखालची वाळू एका लाटेत सरकते. हणजूण, वागातोरचे खडक त्याहून वाईट. त्यांच्यावर शेवाळ असतं आणि चार लहान लाटांमागून एक मोठी येते. लाल बावटा दिसला की पाण्यात पाऊलही नाही, मुलालाही हे आधीच सांगून ठेवा. ओली वाळू जिथे सुरू होते त्याच्या अलीकडेच थांबायचं. समुद्र बघायचाच असेल तर उंचावरून बघा: आग्वाद किल्ला (१६१२ चा), किंवा दक्षिणेकडे निघालात तर काब द रामचा किल्ला. वाऱ्याने तिथे छत्री उलटी होते, रेनकोटच घाला.

मुक्कामाला पणजी बरी. जुनं गोवं इथून नऊ-दहा किलोमीटर, मंगेशी साधारण वीस-बावीस, फोंडा तीसच्या आत. खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: जनरेटर आहे का, लिफ्ट त्यावर चालते का, आणि गाडीतून उतरून दारापर्यंत छप्पर आहे का. जुलैत लाईट जाते, आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली तेव्हा आईवडिलांना भारी पडते. आणखी एक, भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की पणजीचा अठरा जून रस्ता तुंबतो, कारण गटारांचं पाणी नदीत उतरू शकत नाही. ओहोटी लागली की निचरा होतो. अशा वेळी गाडी पाण्यात घालू नका, जेवण उरकून घ्या.

येण्याचं म्हणाल तर स्वतःच्या गाडीने निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी हा रस्ता मला पसंत. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, पावसात दहा तास धरा. आंबोलीचा घाट दुपारी चारच्या आत उतरा, पुढे धुकं दाटतं. शनिवार-रविवार टाळा, धबधब्यापाशी गाड्यांच्या रांगा लागतात. चोर्ला घाट देखणा आहे, पण अरुंद आणि वळणांचा. गाडी लागणारं कुणी सोबत असेल तर नको. रेल्वेने आलात तर गोवा एक्स्प्रेस मिरज-लोंढ्यावरून दूधसागरसमोरून जाते. ३१० मीटरचा तो धबधबा जुलैत बघायची हीच सरळ रीत (येताना तिथे रात्र असते, परतीच्या गाडीतून दिसतो), कारण कुळेहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात आणि रुळांवरून चालत जाणं गुन्हा आहे, रेल्वे पोलीस पकडतात. मुंबईहून कोकण रेल्वेने येणार असाल तर जूनच्या मध्यापासून तिचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं. गाड्या हळू धावतात, वेळा बदलतात, वंदे भारतही आठवड्यातून कमी दिवस असते. विमानाचं तिकीट काढताना मोपा की दाबोळी ते नीट वाचा. पणजीसाठी दोन्ही चालतात, पण एकाला उतरून दुसऱ्यावर टॅक्सी बोलावलीत तर सगळा दिवस बिघडतो.

स्वतःची गाडी नसेल तर चालकासह गाडी दिवसावर ठरवा. ओला-उबर इथे नाही, गोवा माइल्सचं ॲप आहे आणि विमानतळांवर प्रीपेड खिडक्या आहेत. ठरवताना 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' असा हिशेब बोलतात. त्यावरच्या तासाला आणि किलोमीटरला किती ते आधीच विचारून घ्या, खाली सांगितलेले दिवस ऐंशीत बसणारे नाहीत. स्वतः चालवायला भाड्याने घेतलीत तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा मिळत नाही, खर्च अंगावर येतो.

आता फिरण्याचं. माझ्या मते सगळ्यात सुंदर दिवस जुनं गोवं, दिवाडी, नार्वे असा जातो. सकाळी नऊला बॉम जेझू चर्चमध्ये पोचा (रविवारी प्रार्थना असतात, उशिरा जा). खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेरून इमारत लाल-काळसर दिसते, कारण १९५० च्या दशकात तिचा गिलावा काढला गेला आणि तेव्हापासून उघडा चिरा पाऊस झेलतो आहे. समोर से कॅथेड्रल आणि पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद. सेंट ऑगस्टिनचा ४६ मीटरचा अर्धा मनोरा गाडीतूनही दिसतो. तिथल्या अवशेषांत आईवडिलांना उतरवू नका, शेवाळाने चिरे बुळबुळीत झालेले असतात.

मग व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली फेरी धक्क्यावर या आणि दिवाडी बेटावर जा. चालत येणाऱ्याला फेरी फुकट, चारचाकीला किरकोळ तिकीट, सुट्टे पैसे ठेवा. गाडी चढवण्याआधी आईवडिलांना उतरवू नका, धक्क्याचा उतार ओला आणि घसरडा असतो. गाडी उभी केली की हॅंडब्रेक आणि पहिला गिअर. जोराचा वारा सुटला तर फेरी थांबवतात, म्हणून परतीच्या वेळेत तासभर हातचा ठेवा.

दिवाडीला खाजन शेतं आहेत, म्हणजे नदीच्या पातळीखालची, बांध घालून राखलेली. बांधात जिथे मानस (पाण्याचं दार) असते तिथे गाडी कडेला घ्या आणि मुलाला दाखवा. लाकडी झडपा एकाच बाजूला उघडतात. भरतीचं खारं पाणी त्यांना बाहेरून दाबून बंद करतं, आणि ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी आतून रेटा देऊन त्या उघडतं. ना मोटर, ना माणूस. ओहोटीच्या सुरुवातीला पोचलात तर झडप हलताना आणि पाणी फेसाळत नदीत उतरताना दिसेल, म्हणून निघण्याआधी मांडवीच्या भरती-ओहोटीची वेळ बघून घ्या. बांधावर मात्र मुलाचा हात सोडू नका, चिखल घसरतो आणि मानसीपाशी पाण्याला ओढ असते.

बेटाच्या दुसऱ्या टोकाहून दुसरी फेरी नार्व्याला जाते. तिथला सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा देव, मूळ दिवाडीचाच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर तो नदीपलीकडे नेला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करवला. दारावरचा शिलालेख आवर्जून वाचा. अलीकडच्या डागडुजीनंतर २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. ज्या वाटेने देव गेला त्याच वाटेने आपण नदी ओलांडतो, म्हणून हा क्रम उलटा करू नये असं मला वाटतं. परत येताना डिचोलीवरून साखळीजवळच्या हरवळ्याला वळा. धबधबा कठड्यापाशी उभं राहून दिसतो, जवळच रुद्रेश्वराचं देऊळ आणि कोरीव लेणी आहेत. खालच्या डोहात उतरू नका, जुलैत तिथे पोहणाऱ्यालाही भोवरा ऐकत नाही. जंगलातल्या इतर धबधब्यांना वनखात्याची परवानगी लागते. तुमच्या सोबतीला ते नकोतच.

दुसरा दिवस फोंड्याच्या देवळांचा. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळं पाडली गेली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे देव जुवारी नदीपलीकडे आदिलशाहीच्या मुलखात हलवले. म्हणून ही सगळी देवळं चार-सहा मैलांत एकवटली आहेत. पणजीहून मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, बांदोड्याची महालक्ष्मी आणि नागेशी, रामनाथी, शेवटी कवळ्याची शांतादुर्गा, असं जा. मंगेशीला रस्त्यापासून देवळापर्यंत फुलांच्या दुकानांमधून चालावं लागतं, मग पायऱ्या. हे काम सकाळीच, पाय ताजे असताना करा. सोमवारी गर्दी असते, संध्याकाळी पालखी निघते. कवळ्याला गाडी जवळ जाते. एका दिवसात सहाही देवळं आईवडिलांना झेपायची नाहीत, मंगेशी, म्हार्दोळ, नागेशीची तळी आणि कवळे पुरे.

इथला धोका फरशीचा आहे. गुळगुळीत फरशीवर ओल्या छत्र्यांचं पाणी आणि अनवाणी पाय! छोटा पंचा जवळ ठेवा, पाय पुसूनच आत जा. मधुमेह असेल तर परतल्यावर तळपाय तपासा. यांपैकी कुणी तुमची कुलदेवता असेल तर अभिषेकाचं आदल्या दिवशीच देवस्थानच्या कार्यालयात सांगा, गोत्र विचारतात. अग्रशाळेत राहायचीही सोय असते. दुपारची आरती आटोपली की जेवून एखाद्या मसाल्याच्या बागेत दोन तास घालवा, छपराखाली बसता येतं आणि मुलाला मिरवेल, जायफळ झाडावर बघायला मिळतं. तुमच्या तारखा आषाढी एकादशीला लागून असतील तर दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला (चिखलातल्या खेळांचा उत्सव) असतो. तो चुकवू नका. फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

तिसरा दिवस हवा बघून ठरवा. हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर पणजीतच थांबा, फोंताइनश आणि मळा या जुन्या वस्त्यांत उघडीप मिळेल तसं फिरा. तिथली घरं राहती आहेत. फोटोसाठी कुणाच्या पायरीवर बसू नका. दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद असतात, खरेदी त्याच्या आधी किंवा नंतर.

इशारा नसेल तर तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ. पणजीहून साधारण पासष्ट किलोमीटर, फोंडा, मग मोले रस्त्याने साकोर्ड्यावरून. बाराव्या-तेराव्या शतकातलं कदंबकालीन, काळ्या बसाल्टचं. हा दगड आसपास मिळत नाही, घाटावरून आणला असं मानतात. जंगलात दडलेलं म्हणून ते वाचलं. शेवटच्या टप्प्यात रेंजचा भरवसा नाही, नकाशा आधी उतरवून ठेवा, पेट्रोल फोंड्याला भरा. आणि जळवा असतात. गवतातून जाऊ नका, फरसबंदीवरूनच चाला. चिकटलीच तर ओढू नका, नखाने तोंडाकडून सरकवा. तिच्या लाळेने रक्त गोठत नाही, पंधरा-वीस मिनिटं कापसाने दाबून धरा. वडिलांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे ठिकाण वगळलेलं बरं.

खाण्याचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, प्रजननाचा काळ म्हणून. तेव्हा जुलैत थाळीत इसवण (सुरमई) मागू नका, बहुधा बर्फातलाच मिळेल. नदीतलं काय आहे ते विचारा: काळुंद्रां हे मासे, तिसऱ्यो, खुबे हे शिंपले. गोव्याची घरं या दिवसांत सोरक (मासळीविना कालवण) भात आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर खातात, हॉटेलात मिळाली तर सोडू नका. आईवडील चातुर्मास पाळत असतील तर खतखतें (मिश्र भाज्यांचं), तायखिळ्याची म्हणजे टाकळ्याची भाजी. सकाळी पणजीच्या जुन्या कॅफेत पातळ भाजी आणि बन्स. उघड्यावरचं चिरलेलं फळ आणि नळाचं पाणी नको.

सामानात चामड्याच्या चपला नकोत, रबरी तळाचे पट्ट्याचे सँडल हवेत. जीन्स दोन दिवस वाळत नाही. डास फार, मलम आणि डासांची कॉइल घ्या. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर त्याच दिवशी साबणाने धुवा, पुढे ताप आला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, लेप्टो (अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) ओळखायला मदत होते. रोजच्या गोळ्या चार नव्हे, सात दिवसांच्या ठेवा, घाट बंद पडला तर परतीला उशीर होतो. रुग्णवाहिकेला १०८. मोठं सरकारी इस्पितळ म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), पणजीहून मडगाव रस्त्याला. कुठूनही निघालात तरी चालकाला 'गोमेकॉ' एवढं म्हटलं की पुरतं.