बी.ए. अर्धवट राहिलं, आता विषय आपल्या मनाचे घेता येतील?

प्रिय ताई,

नागपूरच्या मानेवाड्याहून तुमचं पत्र मिळालं. २०१३ मध्ये बी.ए.चं दुसरं वर्ष झालं, लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. सहा वर्षांपासून बालवाडीत शिकवताय. आता मानसशास्त्र, मराठी असे हवे ते विषय जोडून पदवी घ्यायची आहे, पुढे बी.एड. करायचं आहे. जुनी दोन वर्षं धरली जातील का, हेही विचारलंत.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) म्हणजे अभ्यासाचे क्रेडिट, म्हणजेच श्रेयांक, साठवणारं ऑनलाइन खातं. त्यात २०२१-२२ पासून मिळवलेलेच क्रेडिट जमा होतात, तेही जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. तुमच्या गुणपत्रिका त्यात बसत नाहीत. जुन्या विद्यापीठाला एक लेखी अर्ज करून पाहा, पण उत्तराची वाट बघत प्रवेशाची मुदत जाऊ देऊ नका. पहिल्या वर्षापासून सुरू करायची तयारी ठेवा. वाईट वाटेल, मला कळतं.

विषयांचं म्हणाल तर पूर्णपणे स्वतः रचलेली पदवी आपल्याकडे मिळत नाही. विद्यापीठाने दिलेल्या गटांतूनच निवड करावी लागते. त्यातही बी.एड.चा विचार आधी करा. तिथे तुम्ही कोणता शालेय विषय शिकवणार हे पाहतात. नुसतं मानसशास्त्र घेतलंत तर अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायचा शालेय विषय, निवडताना अडचण येऊ शकते. म्हणून जोडीला मराठी किंवा इतिहास हवाच. खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के गुण लागतात, तेव्हा ‘पास झालं की पुरे’ असं म्हणून चालणार नाही.

नोकरी आणि घर सांभाळून नियमित कॉलेज तुम्हाला झेपेल असं मला वाटत नाही. तुमच्यासाठी सोयीची दोन मुक्त विद्यापीठं आहेत, दोन्हींची विभागीय केंद्रं नागपुरात आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात मराठीतून शिकता येतं. इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, मानसशास्त्र आहे, पण अभ्यास हिंदी-इंग्रजीतून. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी होतात, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. उन्हामुळे विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. तुमची बालवाडीही तेव्हाच उघडत असेल तर जूनची परीक्षा बरीचशी सुटीतच पडेल. डिसेंबरला थोडेच पेपर ठेवा.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालेल का, ही सासरच्यांची शंका तुम्ही लिहिली आहे. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता असलेली दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीनेच २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रवेशासाठी डेब आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. त्याआधी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी काढावा लागतो. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का, ते आत्ताच तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथेच अडकताना मी पाहतो.

आणि या रविवारी एक करा. ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर त्यांची पुस्तकं मोफत आहेत. मानसशास्त्राचं एक प्रकरण हिंदीतून वाचा. तासाभराने पुढचं पान उलटावंसं वाटलं, तर इग्नू आणि जोडीला इतिहास. डोकं शिणलं, तर मराठी घेऊन यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. काय झालं ते मला कळवा, मग अर्ज सोबत बसून भरू.

तुमचा,
समुपदेशक