शिंजुकूमध्ये एकच संध्याकाळ हाताशी आहे. काय बघावं, काय घ्यावं आणि काबुकिचोत रात्री घरच्यांना न्यावं का?

तुम्ही डिसेंबरात कामासाठी टोकियोला येताय, बायको आणि आई सोबत आहेत, आई शुद्ध शाकाहारी आहेत आणि शिंजुकूसाठी एकच संध्याकाळ आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी काळजी तीच दिसतेय.

न्या. आईंनाही न्या. काबुकिचो हा शिंजुकूतला बार-क्लबांचा, रात्री जागणारा भाग, पण त्याच्या मुख्य रस्त्यावर रात्री नऊला सिनेमा सुटलेली कुटुंबं, बॅगा ओढणारे पर्यटक, ऑफिसातून सुटलेली टाय सैल केलेली माणसं, सगळे असतात. पाकीट मारलं जाण्याची धास्ती दादरच्या पुलावर जास्त वाटते. नियम एकच पाळायचा: जो तुम्हाला बोलवायला येईल, त्याच्या मागे जायचं नाही. तुम्ही दुकान शोधायचं, दुकानाने तुम्हाला नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. इथे आल्याच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही तिघे सहकारी एका हसऱ्या तरुणाच्या मागे गेलो. ‘तासाला तीन हजार येन, हवं तेवढं प्या’ म्हणाला. लिफ्टने पाचवा मजला, जाड पडदे, शेंगदाण्यांची बशी. तासाभराने बिल आलं अठ्ठेचाळीस हजारांचं. बसण्याचे वेगळे, बर्फाचे वेगळे, सेवेचे वेगळे, आणि शेजारी येऊन बसलेल्या बाईने मागवलेल्या पेयाचेही आमच्याच माथी. याला इथे ‘बोत्ताकुरी’ म्हणतात, म्हणजे सरळ लुबाडणूक. असं गिऱ्हाईक गाठण्याला शिंजुकू वॉर्डाने २०१३ मध्ये नियम करून बंदी घातली. ‘बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका’ असं रस्त्यावरच्या कर्ण्यांतून अखंड सांगत असतात. तेव्हा मला जपानी येत नव्हतं, त्यामुळे ती घोषणा मला जाहिरात वाटली होती! कुटुंबासोबत असाल तर ही मंडळी सहसा वाटेला जातच नाहीत. एकट्या पुरुषांनी जपावं.

आता स्टेशन. शिंजुकू स्टेशनातून रोज तीस लाखांहून जास्त लोक ये-जा करतात, हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन मानलं जातं आणि बाहेर पडायची दारं दोनशेच्या वर आहेत. मुंबईकराला गर्दीचं काही वाटत नाही, पण दारांचं वाटतं. पूर्वेला जायचं असताना पश्चिमेला बाहेर पडलात तर पूर्वी मोठा वळसा पडायचा. २०२० पासून दोन्ही बाजू जोडणारी वाट तिकिटाशिवाय वापरता येते. तरीही गाडीतून उतरल्यावर नकाशा बघू नका, डोक्यावरच्या पिवळ्या पाट्या बघा. जमिनीखाली फोनचा बाण नुसता गोल फिरतो.

डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो, म्हणून साडेतीनपर्यंत पश्चिमेला पोचा. महानगर सरकारच्या जुळ्या मनोऱ्यांच्या इमारतीत ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, बघायची जागा आहे. तिकीट नाही. हिवाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे नशीब असेल तर मावळतीच्या लाल पट्ट्यावर फुजीचा काळा त्रिकोण दिसतो. पैसे देऊन चढायच्या मनोऱ्यांपेक्षा मला ही जागा आवडते. ही वास्तू वास्तुविशारद केन्झो तांगेंची.

मग पूर्वेला या. खरेदीचं म्हणाल तर इसेतान हे डिपार्टमेंट स्टोअर १९३३ पासून इथे आहे, वरचे मजले खिशाला झेपत नाहीत. पण तळघरात उतरा. तिथला खाण्याचा बाजार हे अर्धं प्रदर्शनच आहे: एकेक स्ट्रॉबेरी कापसात ठेवल्यासारखी, मिठाईच्या पेट्यांवर दागिन्यांसारखी बांधणी. रात्री आठला बंद होतं, त्याआधी जा. बायकोला किंवा मुलांना कागद, रंग, पेनं यांचं वेड असेल तर सान्चोमे भागातलं सेकाइदो गाठा, चित्रकलेच्या आणि लेखनाच्या सामानाचं मजल्यावर मजले असलेलं दुकान. भाच्यांसाठी न्यायच्या वस्तू मी तिथूनच घेतो. वजन कमी आणि फुटत नाहीत.

कॅमेरा घ्यायचा असेल तर पश्चिम बाजूला योदोबाशी हे मोठं दुकान आहे आणि जवळच वापरलेल्या लेन्सची दुकानं. वापरलेल्या वस्तूवर ओरखड्यासकट सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. मात्र विजेची उपकरणं घेताना थांबा: जपानात वीज १०० व्होल्टची. कॅमेऱ्याचा चार्जर बहुतेक वेळा दोन्हीकडे चालतो, पण भाताचा कुकर किंवा केस सरळ करायचं यंत्र आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावलंत तर धूर निघेल. माझ्या मावशीचा निघाला. शिवाय वॉरंटी बऱ्याचदा फक्त जपानपुरती असते. पर्यटकाला १० टक्के उपभोग कर माफ होतो, त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा, फोटो चालत नाही. २०२६ च्या १ नोव्हेंबरपासून याची पद्धत बदलते: दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना तो परत घ्यायचा. त्यानंतर येत असाल तर विमानतळावर वेळ धरून निघा.

आता अशी एक जागा, जी याद्यांमध्ये खाली कुठेतरी असते आणि माझ्या लेखी पहिली आहे. पूर्वेच्या दाराबाहेर, मिनिटभरावर, नाकामुराया हे खाण्याचं जुनं दुकान. बाहेरून चकचकीत काचेची इमारत. दिल्लीत १९१२ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंजवर बॉम्ब पडला, त्या कटातले रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला निसटले. इंग्रजांच्या दबावाखाली जपान सरकारने त्यांना देशाबाहेर काढायचा हुकूम दिला, तेव्हा या दुकानाचे मालक सोमा आइझो आणि त्यांची पत्नी कोक्को यांनी त्यांना दुकानामागच्या चित्रकारांच्या स्टुडिओत लपवलं. तेव्हा ही बेकरी होती. पुढे १९१८ मध्ये त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी, बोसांचं लग्न झालं. ती १९२५ मध्येच गेली. दुकानाने १९२७ मध्ये खाणावळ काढली, तेव्हा बोसांनी तिथे भारतीय पद्धतीची करी सुरू केली. जपानात तोवर करी म्हणजे इंग्रजांकडून आलेला, मैदा लावून घट्ट केलेला रस्सा. जावयाला ते पटत नव्हतं! हाडासकट कोंबडी, मसाला वेगळा, भात वेगळा. ती करी आजही तळघरातल्या रेस्तराँत मिळते, आणि जपानी लोक तिला ‘प्रेम आणि क्रांतीची चव’ म्हणतात.

पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला ती आपल्या मानाने मिळमिळीत लागली, खरं सांगतो. पण शेजारच्या टेबलावरचं एक वृद्ध जोडपं ज्या मन लावून ती खात होतं, ते बघून मी लोणचं मागायचं टाळलं. तुमच्या आई ती खाणार नाहीत, तरी गोष्ट त्यांना तिथेच उभं राहून सांगा.

आईंच्या जेवणाचं मात्र घरूनच ठरवून निघा. ‘मांस नको’ म्हटलं की इथले लोक प्रेमाने मांसाचे तुकडे काढून देतात, पण रश्श्याखालची ‘दाशी’, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी, बहुतेकदा वाळवलेल्या माशांची असते. सोबा, उदोन, मिसो सूप, भाजीची वाटी, सगळ्यांत ती असू शकते. शिंजुकूत भारतीय रेस्तराँ भरपूर आहेत, बरीचशी नेपाळी भाऊ चालवतात, तिथे हिंदीत बोलता येतं आणि डाळ-नान नक्की मिळतं. काबुकिचोच्या उत्तरेला दहा-पंधरा मिनिटं चाललात तर शिन-ओकुबो लागतं. तसा तो कोरियन भाग, पण एका गल्लीत आपल्याकडचं वाणसामान मिळतं: तूरडाळ, हिंग, मोहरी. तरी पिशवीत दशम्या असू द्या. माझी आई आली होती तेव्हा त्या दशम्यांनीच लाज राखली.

पोटपूजेनंतर काबुकिचो. नावात काबुकी आहे, पण ते नाटकाचं थिएटर इथे कधी झालंच नाही. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हा भाग जळाला, स्थानिकांनी नव्याने मांडताना काबुकीचं थिएटर आणायचं ठरवलं, १९४८ मध्ये नाव देऊन टाकलं, थिएटर काही आलं नाही. बारसं झालं आणि बाळ आलंच नाही, असं हे गाव. त्याऐवजी १९५६ मध्ये कोमा थिएटर आलं, २००८ मध्ये बंद पडलं आणि त्या जागी तोहो या सिनेमा कंपनीची इमारत आहे, जिच्या गच्चीवरून गॉडझिलाचं डोकं खाली बघतं. फोटोला ठीक, पाच मिनिटं पुरतात. त्यापेक्षा मान वर करून इमारतींच्या कडेला लटकलेल्या पाट्या बघा. आपल्याकडे बाजार रस्त्यावर पसरतो, इथे तो उभा रचलेला असतो: एका जिन्याला आठ मजले, मजल्याला चार दारं, दाराआड एकेक वेगळं जग. काही जगं तुमच्यासाठी नाहीत. होस्ट क्लबच्या, म्हणजे तरुण पुरुष बायकांना सोबत करतात त्या बारच्या, मोठाल्या फलकांवरचे रंगवलेल्या केसांचे तरुण बघून माझ्या आईने विचारलं होतं, ‘ही कुठली निवडणूक?’

जवळच गोल्डन गाई आहे, सहा बोळांत दोनशेच्या वर बार. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उगवलेली वस्ती. एकेक बार डोंबिवलीच्या स्वयंपाकघराएवढा, सहा-आठ खुर्च्या, वर जायला शिडीसारखा जिना. बहुतेक ठिकाणी बसण्याचेच वेगळे पैसे घेतात, पण ती लुबाडणूक नव्हे, दर दारावर लिहिलेला असतो. काही दारं फक्त ओळखीच्यांना उघडतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिघांनी आत शिरायचा हट्ट नको, आईंचे गुडघे त्या जिन्याला राजी होणार नाहीत. बोळांतून नुसते हिंडा, माणसांचे फोटो काढू नका, आणि पलीकडे लागूनच असलेल्या हानाझोनो देवळात पाच मिनिटं टेका. त्या गजबजाटात लाल कमानींखाली एकदम शांत वाटतं.

परतीचं शेवटचं. मुंबईच्या लोकलसारखीच इथेही शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर सुटते, पण मी राहतो त्या निशी-कासाईला जायला मला मध्ये कुदानशिताला बदलावं लागतं, आणि पहिली गाडी मिळून दुसरी चुकण्याचा अनुभव मी दोनदा घेतलाय. टॅक्सीला रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जादा पडतात. पहिली गाडी साडेचारच्या पुढे. त्या वेळी काबुकिचोत दिवे विझलेले असतात आणि हे भलेमोठे कावळे कचऱ्याच्या पिशव्या फोडत बसलेले असतात. तुम्ही साडेदहालाच निघा. हॉटेल कुठल्या लाइनवर आहे ते कळवलंत तर स्टेशनचं कुठलं दार गाठायचं ते लिहितो.